फ्लॅप, भोंगा आणि चेकलिस्ट : उड्डाणपूर्व तयारीत राहून गेलेल्या गोष्टींची पार्श्वभूमी

जेट विमान धावपट्टीवर वेग घेण्यापूर्वी त्याच्या पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप आणि पुढच्या कडेचे स्लॅट हे हलते भाग ठरावीक अंशांपर्यंत बाहेर काढलेले असावे लागतात, कारण हे पंख मुळात मोठ्या वेगासाठी आखलेले असतात आणि उड्डाणाच्या कमी वेगात त्यांचा आकार वाढवल्याखेरीज विमान नीट उचलले जात नाही. त्यासाठी वैमानिकाला दोन आसनांमधली एक तरफ सरकवावी लागते. इतके साधे काम अनुभवी माणसांकडून राहून कसे जाते, हा प्रश्न विमान अपघातांच्या तपासात पुन्हा पुन्हा उभा राहिला, आणि आज कॉकपिटमध्ये दिसणाऱ्या अनेक शिस्ती त्यातूनच आल्या.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायो राज्यातील राइट फील्ड येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. उभ्या विमानाच्या शेपटीकडचे हलते भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहून गेली होती. विमान चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे नवशिके नव्हते, चाचणी-उड्डाणांचे जाणकार होते. त्यामुळे दोष कौशल्यात नसून स्मरणावर विसंबण्यात आहे, हे अमेरिकी लष्करी वैमानिकांच्या ध्यानात आले आणि छापील चेकलिस्ट रूढ झाली. हेच विमान पुढे बी-१७ या नावाने महायुद्धात वापरले गेले.

प्रवासी वाहतुकीत चेकलिस्ट आली, तरी तिची मर्यादा उघड व्हायला वेळ लागला. २० नोव्हेंबर १९७४ रोजी नैरोबीहून निघालेल्या लुफ्तान्साच्या बोइंग ७४७ विमानात पंखांच्या पुढच्या कडेचे फ्लॅप उघडलेच नव्हते, कारण ते ज्या दाबाच्या हवेवर चालतात तिच्या झडपा बंद राहिल्या होत्या. १५७ जणांपैकी ५९ जण दगावले. त्यानंतर अशा स्थितीत वैमानिकांना सावध करणारी इशारा-यंत्रणा सुधारण्यात आली. चेकलिस्टच्या यादीमागे या यंत्रणेचा भोंगा उभा राहिला, असे म्हणता येईल.

भोंग्यावर किती विसंबावे, याचे उत्तर १६ ऑगस्ट १९८७ च्या डेट्रॉइट अपघाताने दिले. नॉर्थवेस्ट कंपनीचे एमडी-८२ विमान टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे सरकत असताना धावपट्टी बदलल्याची सूचना आली. नव्या धावपट्टीसाठी आकडेमोड पुन्हा तपासणे आणि एक चुकलेले वळण या गडबडीत टॅक्सीच्या वेळची चेकलिस्ट वाचली गेलीच नाही, आणि फ्लॅपची नोंद त्याच चेकलिस्टमध्ये होती. धावपट्टीवर इंजिनांचा जोर आपोआप राखणारा ऑटोथ्रॉटल सुरुवातीला लागेना, कारण तो ज्या संगणकावर अवलंबून होता तो उड्डाणाच्या स्थितीत ठेवायचे कामही त्याच यादीतले होते. वैमानिकांनी ती अडचण जागच्या जागी दूर केली आणि पुढे निघाले. ती अडचण म्हणजे यादी राहिल्याची खूण होती, हे आज अहवाल वाचणाऱ्याला चटकन दिसते. वेग घेत असलेल्या विमानात ते दिसणे अवघड होते. भोंगाही वाजला नाही, कारण इशारा-यंत्रणेला वीजच पोहोचत नव्हती. ती का खंडित झाली, हे तपासात निश्चित झाले नाही. १५६ जण मृत्युमुखी पडले. विमानातील चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली.

जेमतेम वर्षभराने, ३१ ऑगस्ट १९८८ रोजी, डॅलस-फोर्ट वर्थ येथे डेल्टाचे बोइंग ७२७ फ्लॅप न काढताच धावले आणि १४ जणांचा बळी गेला. इथे चेकलिस्ट वाचली गेली होती. फ्लॅपचा उल्लेख येताच ते १५ अंशांवर असल्याचे आणि हिरवा दिवा लागल्याचे उत्तर ध्वनिमुद्रणात ऐकू येते. उत्तर तोंडपाठ होते, नजर तिथे नव्हती. उड्डाणाला विलंब होत असताना कॉकपिटमध्ये कामाबाहेरच्या गप्पा रंगल्या होत्या. वास्तविक जमिनीवरील हालचालीत आणि १०,००० फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलू नये, हा 'निर्जंतुक कॉकपिट' नियम अमेरिकेत १९८१ पासून लागू होता.

अशा चुकांच्या मुळाशी बहुतेक वेळा आळस नसतो, कामात मध्येच पडलेला खंड असतो, असे माझे मत आहे. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिदमध्ये स्पॅनएअरचे एमडी-८२ एका तापमान-संवेदकाच्या बिघाडामुळे धावपट्टीजवळून परतले, दुरुस्तीसाठी थांबले आणि उशिराने पुन्हा निघाले. यादीत फ्लॅपची बाब येण्याच्या बेतात असतानाच कॅप्टनने सहवैमानिकाला टॅक्सीची परवानगी मागायला सांगितले, आणि ती बाब तशीच सुटली. भोंगा याही वेळी गप्प राहिला. १५४ जण मृत्यू पावले. डेट्रॉइटनंतर विमानाच्या उत्पादकाने ही यंत्रणा प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासावी असे कळवले होते. या कंपनीच्या कार्यपद्धतीत मात्र ती प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासली जात नव्हती. उलट टोकाचे उदाहरण ब्वेनोस आयर्सचे आहे. तिथे ३१ ऑगस्ट १९९९ रोजी लापा कंपनीच्या बोइंग ७३७ मध्ये भोंगा वाजत होता, तरीही धाव थांबली नाही, आणि ६५ जणांचे प्राण गेले.

संगणकाने चुकीचे स्वरूप थोडे बदलले. मार्च २००९ मध्ये मेलबर्नहून निघालेल्या एमिरेट्सच्या ए-३४० साठी ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन वजन संगणकात भरले गेले. एका अंकाच्या चुकीने इंजिनांचा जोर आणि उड्डाणवेग दोन्ही कमी ठरले, शेपूट धावपट्टीवर घासली, पण विमान सुखरूप परतले. वजन भरलेले आहे एवढेच यंत्राला दिसते. ते या विमानाचे आहे का, हे माणसालाच ताडून पाहावे लागते.

खिळीचा जुना प्रकारही संपला नाही. ३१ मे २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथे एक खाजगी गल्फस्ट्रीम जेट हलते भाग खिळीत अडकलेले असतानाच धावले आणि सातही जण दगावले. खीळ लावलेली असताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर वाढवणारा दांडा, पुरेसा पुढे जाऊ नये अशी सोय विमानात होती, पण ती अपेक्षेइतकी अडवत नव्हती. नोंदी तपासल्या, तेव्हा याच वैमानिकांनी आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के उड्डाणांपूर्वी या भागांची पूर्ण तपासणी केली नसल्याचे आढळले.