'क्युअर'चा शेवट: बाहेरचं की आतलं?

जपानी दिग्दर्शक कियोशी कुरोसावाचा 'क्युअर' हा पिक्चर बघून झाला की बरेच जण एकच वाक्य बोलतात, खून घडवणारा मामिया मेला आणि डिटेक्टिव्ह ताकाबेच्या अंगात शिरला. मी पण पहिल्यांदा बघितला तेव्हा हेच धरून बसलो होतो. नंतर दोनदा बघितला आणि आता मला ठाम वाटतं की इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, एक झपाटणं आणि दुसरं संमोहन. दोन्हीत माणूस स्वतःच्या ताब्यात राहत नाही म्हणून बाहेरून सारखंच दिसतं, पण आतलं गणित पार उलटं आहे, आणि शेवट कसा वाचायचा ते सगळं त्या गणितावर आहे. पुढं सगळा शेवट सांगितलाय, बघितला नसेल तर आधी बघून या, १११ मिनिटांचा आहे.

आधी थोडक्यात गोष्ट. टोकियोत खून होतायत, प्रत्येक प्रेतावर गळ्याशी फुलीची खूण कापलेली, पण खुनी दर वेळी वेगळा. आणि तो पळूनसुद्धा जात नाही, तिथंच कुठंतरी सापडतो, गुन्हा कबूल करतो, का केलं ते मात्र त्याला सांगता येत नाही. डिटेक्टिव्ह ताकाबे (कोजी याकुशो) तपास करत मामियापर्यंत (मासातो हागिवारा) पोचतो. या पोराला काही म्हणजे काहीच आठवत नाही, समोरच्यालाच विचारत राहतो, तू कोण? मग लायटरची ज्योत किंवा सांडलेलं पाणी, आणि तोच प्रश्न परत परत. तो मानसशास्त्राचा विद्यार्थी होता आणि मेस्मरचा, म्हणजे ज्याच्यापासून संमोहनाची सुरुवात मानतात त्या डॉक्टरचा, अभ्यास करत होता हे नंतर कळतं.

आता झपाटणं म्हणजे काय ते जपानच्याच हिशोबानं बघू. तिथं जुनी समजूत आहे कित्सुनेत्सुकीची, म्हणजे कोल्हा अंगात शिरणं. कोल्हा शिरला की माणूस वेगळ्या आवाजात बोलतो, तळलेलं टोफू नाहीतर लाल चवळीसारख्या अझुकीचा भात मागतो, स्वतःला कोल्हा म्हणवतो. मग कुणीतरी मंत्रतंत्र करून त्याला घालवायचं, तो गेला की माणूस परत पहिल्यासारखा. म्हणजे यात तीन गोष्टी हमखास असतात: एक पाहुणा, त्या पाहुण्याची मागणी आणि त्याचं जाणं. आणि जे काही वाईट झालं ते पाहुण्यानं केलं, घरच्यानं नाही. आपल्याकडं याच्यासाठी किती नेमका शब्द आहे बघा, 'बाहेरचं'. डॉक्टर झाले, औषधं झाली, फरक नाही, की गावाकडं कुणीतरी हळूच म्हणतं, बाहेरचं काहीतरी दिसतंय. जे आहे ते बाहेरून आलंय आणि बाहेर काढता येतं, असा सगळा अर्थ त्या एका शब्दात बसलाय.

संमोहनात पाहुणाच नसतो. अठराव्या शतकात मेस्मर म्हणायचा की शरीरात एक अदृश्य द्रव वाहतो आणि तो तुंबला की आजार होतो. १७८४ मधे फ्रान्सच्या राजानं चौकशी नेमली, बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए त्यात होते, त्यांनी सांगितलं की असा द्रव कुठं सापडत नाही, परिणाम दिसतो तो कल्पनेचा. म्हणजे बाहेरून कोणी काही घालत नाही, जे होतं ते ज्याच्या त्याच्या डोक्यातल्या मालावरच होतं. पिक्चरमधे साकुमा हा मानसोपचारतज्ज्ञ ताकाबेला हेच सांगतो, संमोहनानं माणसाची मूळ नीती बदलत नाही, ज्याला खून वाईट वाटतो त्याच्याकडून तो करून घेता येत नाही. हे वाक्य आपण पुढं विसरतो, पण मला वाटतं पिक्चरची किल्ली तिथंच आहे, कारण ते खरं मानलं तर ज्यांनी खून केले त्यांच्या आत काय होतं?

डॉक्टर मियाजिमाचा सीन आठवा. मामिया तिच्याशी बोलत बोलत तिला तिच्याच जुन्या रागापर्यंत घेऊन जातो, बाई म्हणून कसं वागवलं, पहिल्यांदा प्रेत फाडलं ते पुरुषाचं होतं, तुला खरं म्हणजे पुरुषाला चिरायचं होतं, असं. मग ती सार्वजनिक संडासात एका माणसाला मारते. कोपऱ्यावरच्या चौकीतला पोलीस आपल्या सहकाऱ्यावर इतक्या सहज गोळी झाडतो जणू रोजचंच काम उरकतोय. यातल्या एकाचाही आवाज बदलत नाही. कुणी मामियासारखं बोलत नाही, कुणी 'मी मामिया' म्हणत नाही. जे बाहेर पडलं ते त्यांचं स्वतःचं होतं. मामिया फक्त झाकण काढतो.

आणि मामिया स्वतःच हे सांगतो की, पूर्वी जे माझ्या आत होतं ते सगळं आता बाहेर आहे, त्यामुळं मला तुमच्या आतलं दिसतं, मी मात्र रिकामा आहे, अशा अर्थाचं. हे ऐकलं तेव्हा मला तो 'बाहेरचं' शब्द आठवला आणि अंगावर काटा आला. आपल्या शब्दात बाहेरचं आत येतं. इथं आतलं बाहेर पडतं. दिशाच उलटी.

ही गल्लत काही प्रेक्षकांनीच केलेली नाही, जपानमधे मेइजी काळात (१८६८ ते १९१२) ती मोठी खरीखुरी भानगड होती. परदेशी विज्ञान येत होतं आणि कोल्ह्याच्या गोष्टी पण जिवंत होत्या. कोक्कुरी-सान नावाचा खेळ पसरला होता, बांबूच्या तीन काड्यांवर झाकण ठेवायचं, हात ठेवायचे आणि प्रश्न विचारायचे, मग ते हलतं. नाव लिहितानाच कोल्हा, कुत्रा आणि तानुकी (कुत्र्याच्या जातीचा एक जपानी रानटी प्राणी) अशी तीन अक्षरं वापरायचे. तत्त्वज्ञ इनोउए एन्र्योनं १८८७ मधे लिहून दाखवलं की हलवणारा कोल्हा नाही, तुमचेच हात आणि तुमचीच अपेक्षा आहे. पण झालं काय की भूत गेलं तरी भीती गेली नाही, ती संमोहनावर येऊन बसली. संमोहनाची इतकी लाट आली की १९०८ च्या पोलिसी नियमांत उगाच कुणावर संमोहन करणं हा गुन्हा म्हणून घातलं गेलं. साकुमा ताकाबेला जी जुनी फिल्म दाखवतो, ती बाई आणि हवेत फुली काढणारा तो हात, ती या काळातलीच दाखवलीय, आणि संमोहन करणारे लोक सरकारपासून लपून हे करायचे असं तो सांगतो तेव्हा मागं खरा इतिहास उभा आहे. म्हणून तो सीन मला नुसता भीती दाखवण्यासाठी घातलेला वाटत नाही.

आता शेवट. ताकाबे पडीक इमारतीत मामियाला गोळ्या घालतो, मरता मरता मामिया बोटानं हवेत फुली काढायला जातो. मग ताकाबे तिथलं जुनं ध्वनिमुद्रण यंत्र लावतो, कुठला तरी पुरुषाचा अस्पष्ट आवाज. पुढं क्षणभर त्याच्या बायकोचं, फुमिएचं प्रेत दिसतं, गळ्यावर फुली. आणि मग तो फॅमिली रेस्टॉरंटमधे जेवतोय. पूर्वी त्याच्यासमोरचं ताट तसंच राहिलं होतं, आता ताट साफ. सिगारेट ओढतो. वेट्रेस जाते, दुसऱ्या बाईशी काहीतरी बोलणं होतं, मग सुरी उचलते आणि चालायला लागते. संपला.

झपाटण्याचा हिशोब इथं लावून बघा. मामिया ताकाबेत शिरला असता तर ताकाबे मामियासारखा झाला असता ना, विसराळू, ढिला, प्रश्नाला प्रश्न विचारणारा. पण तो तर पूर्ण उलटा झालाय. नीटनेटका, शांत, भूक लागलेली, कामावर हजर. आख्ख्या पिक्चरमधे इतका तो कधीच ठीक दिसत नाही. मध्यंतरी तो मामियासमोर ओरडतो ते आठवा, आजारी बायकोचं ओझं, घरी गेलं की रिकामं चालू असलेलं वॉशिंग मशिन, आणि तुझ्यासारखे मोकाट फिरतात आणि माझ्यासारख्यांनी सोसायचं. ते सगळं ओझं शेवटी नाहीये. फुमिएला त्यानं मारलं का कुणाकडून झालं ते दाखवलेलं नाही, पण ती गेली आणि तो जेवला. म्हणून तर नाव 'क्युअर', इलाज. पाहुणा आलेला माणूस बरा होत नाही, पाहुणा गेल्यावर होतो. हा पाहुण्याशिवाय बरा झालाय आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं.

मग संमोहनानं सगळं सुटतं का? नाही, आणि इथं मी झपाटणंवाल्यांना अर्धं देतो. डॉक्टरकडच्या संमोहनाला वेळ लागतो, समोरच्याची तयारी लागते आणि ते संपतं. मामियाला पण वेळ लागायचा, ज्योत लागायची, पाणी लागायचं. ताकाबे वेट्रेसला काय करतो? आपल्याला दिसतं तेवढ्यात तरी काहीच नाही. तुम्ही म्हणू शकता की तो आधी पण तिथं आलेला आहे, सिगारेटचा जाळ आहे, कॉफी आहे. चालेल. पण विद्या त्याला कुणी शिकवली? एका अस्पष्ट आवाजानं? रेकॉर्ड केलेल्या सूचना ऐकून लोक आजही संमोहित होतात, तेवढं मान्य, पण ऐकणारा स्वतः संमोहनकार होऊन उठतो हे कुठल्या पुस्तकात बसत नाही. अलौकिक आहे ते फक्त या एका सांध्यावर आहे, गादी एकाकडून दुसऱ्याकडं जाते तिथं. पिक्चरचं आधीचं नाव 'देन्दोशी' होतं, म्हणजे धर्मप्रचारक, मार्च १९९५ मधे एका धार्मिक पंथानं टोकियो मेट्रोत केलेल्या सरीन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर कुठल्या पंथाशी संबंध लावला जाऊ नये म्हणून ते बदललं. त्या नावानं विचार केला की पटतं, प्रचारक मेला तरी प्रचार थांबत नाही, आणि त्यासाठी त्याचं भूत कुणात शिरावं लागत नाही.

हा फरक एवढा लावून धरायचं कारण म्हणजे दोष. कोपनहेगनमधे १९५१ साली एका बँक दरोडेखोरानं दोन माणसं मारली आणि नंतर म्हणाला मला संमोहित केलं होतं. कोर्टानं संमोहन करणाऱ्याला जन्मठेप दिली, पण गोळ्या झाडणाऱ्यालाही सोडलं नाही, त्याला मनोरुग्णांच्या संस्थेत पाठवलं. कोल्ह्याच्या गोष्टीत असा प्रश्नच येत नाही, कोल्हा गेला, विषय संपला. 'क्युअर'मधे प्रश्न प्रत्येक खुन्याच्या मागं उभा राहतो, कारण हात त्याचा, राग पण त्याचाच.

म्हणून आता बघताना मी ताकाबेकडं बघतच नाही, त्या वेट्रेसकडं बघतो. ती दुसरीशी बोलते ते आपल्याला ऐकू येत नाही. काही लागट बोललं गेलं असेल, किंवा पुढच्या टेबलाची ऑर्डर असेल. त्या मुलीच्या आत काय साठलं होतं, किती दिवसांचं, हे पिक्चर सांगत नाही, ती फक्त सुरी उचलते, चेहऱ्यावर काहीही नाही, आणि चार पावलं टाकते तोवर कट होतो.