आधी बैठक, मग इच्छा

ब्रिटनमधल्या काही विद्यार्थ्यांना संशोधकांनी एक साधं काम दिलं होतं. येत्या आठवड्यात एकदा तरी, निदान वीस मिनिटं, घाम निघेल असा व्यायाम करायचा. पहिल्या गटाला याहून अधिक काही सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला व्यायामाचे फायदे आणि हृदयविकाराचे धोके वाचायला दिले, म्हणजे आपण ज्याला प्रेरणा देणं म्हणतो ते केलं. तिसऱ्या गटाने तेच वाचलं आणि शिवाय एक ओळ लिहिली: कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे. आठवडा संपला तेव्हा पहिल्या गटातल्या ३८ टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केला होता, दुसऱ्यातल्या ३५ टक्क्यांनी आणि तिसऱ्यातल्या ९१ टक्क्यांनी. सारा मिल्न आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००२ सालचा. नुसत्या प्रेरणेने काडीचाही फरक पडला नाही. वार, वेळ आणि जागा ठरली तिथे काम झालं.

हे आकडे वाचून ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला रियाज आठवावा. हद्दूखाँ-हस्सूखाँ या गायक भावांच्या ख्यालगायकीचं हे गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली, ऐन विशीत, इथे गाण्याची शाळा काढली. १९१८ मध्ये संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं. जुन्या पद्धतीच्या रियाजाची वेळ ठरलेली, जागा ठरलेली आणि सुरुवातही ठरलेली: तंबोरा जुळवायचा, खर्ज म्हणजे खालचा सूर लावायचा, मग पलटे, म्हणजे सुरांचे ठरावीक क्रम घोटायचे. ‘आज गावंसं वाटतंय का?’ हा प्रश्न त्या क्रमात कुठे येतच नाही. लष्कर भागातल्या एखाद्या घरात जानेवारीच्या धुक्यात मूल रजईतूनच ‘आज मन नाही लागत आहे’ असं आपल्या हिंदीमिश्रित मराठीत कुरकुरतं. शहाणी आई वाद घालत बसत नाही, मोबाइलवर तंबोरा सुरू करते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. तिचं बरोबर का आहे, हे समजायला मेंदूत थोडं आत जावं लागेल.

डोपामिनचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे आणि त्याची ओळख बहुतेक ठिकाणी चुकीची करून दिली जाते. ‘आनंदाचं रसायन’ हे बिरुद त्याला चिकटलं आहे खरं, पण अमेरिकेत जॉन सॅलमोन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून वेगळंच चित्र दिसतं. उंदरांपुढे दोन वाटा होत्या. एका वाटेवर थोडे दाणे सहज मिळायचे, दुसरीवर जास्त दाणे होते पण मध्ये चढून जावा लागेल असा अडथळा. धडधाकट उंदीर अडथळा चढून जास्त दाण्यांकडे जात. मेंदूच्या एका ठरावीक भागातलं डोपामिन कमी केलं की तेच उंदीर सोपी वाट धरत. दाणे मात्र ते आवडीने खात होते. गोडी शाबूत होती, तिच्यासाठी कष्ट उपसायची तयारी गेली होती. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यातल्या जेमतेम काही लाख डोपामिन बनवतात, आणि ‘उठू की नको’ या रोजच्या तंट्यात त्यांचं पारडं जड असतं.

या पेशी कशाला प्रतिसाद देतात? वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग इथे मुळाशी आहेत. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी उसळत. मग रसाच्या आधी दरवेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही काळाने पेशी दिवा लागताच उसळू लागल्या, आणि रस आला तरी त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं. दिवा लागून रस आलाच नाही, तर नेमक्या रस यायच्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही मंदावत. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्याबरोबर शुल्ट्झ यांनी १९९७ मध्ये याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर मोजतात. सराफ्यातला मुनीम जशी येणं आणि आलेलं यांतली तफावत वहीत टिपतो, तसंच. ठरल्याप्रमाणे रक्कम आली तर लिहायला नवीन काही नसतं.

माकडाच्या रसावरून माणसाच्या रियाजावर उडी मारताना जपून मारावी लागते. पण माणसांच्या मेंदूच्या चित्रणातही असाच संकेत सापडला आहे, आणि त्यातून दोन गोष्टी मला तरी स्पष्ट दिसतात. पहिली आईच्या बाजूची. हुरूप खुणेवर सरकतो, पण त्यासाठी खूण आणि फळ यांची गाठ पुन्हा पुन्हा पडावी लागते. तंबोरा लागला, बसलो आणि काही वेळाने एखादा सूर स्वच्छ लागला, असं बऱ्याचदा घडलं की पुढे नुसता तंबोरा ऐकू आला तरी आतून हालचाल होते. बसण्याआधी इच्छा हवी असा हट्ट धरणारा ही गाठ पडूच देत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. नव्याने क्लास लावला की पहिले पंधरा दिवस उत्साह ओसंडत असतो आणि तिसऱ्या महिन्यात पेटीवर धूळ बसते. मूल आळशी झालं असं घरचे म्हणतात. खरं तर मुनीमाकडे लिहायला काही उरलेलं नसतं. तोच पलटा, तीच लय, काय होणार ते आधीच ठाऊक. रियाज जिवंत ठेवायचा तर त्यात रोज काहीतरी अनिश्चित असावं लागतं, आणि तेही ऐकू येईल असं. तोच पलटा पण आज लय नखभर चढी. तीच तान पण आज सगळा कान परतीच्या गंधारावर. जमेल की नाही हे खात्रीने सांगता येत नाही, तिथेच मेंदू सावध होतो. रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये गणिताने दाखवलं की काही प्रकारच्या शिकणाऱ्या यंत्रणा साधारण १५ टक्के चुका होत असताना सर्वांत वेगाने शिकतात. हे गणित संगणकी प्रारूपांचं आहे, कुठल्याही क्लासमध्ये ते जसंच्या तसं लावणं भाबडेपणाचं ठरेल. दिशा मात्र पटते. एकही चूक न होणारा रियाज म्हणजे बहुधा नुसती करमणूक, आणि प्रत्येक आवर्तनात कोसळणारा रियाज म्हणजे छळ.

बक्षिसाचं आमिष दाखवून हे साधत नाही का? काही दिवस साधतं. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रांची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांनी इतर मुलांच्या निम्माच वेळ रंग हातात घेतले. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं होतं त्यांची आवड टिकून होती. प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांच्या शिडीवर चढलेली आणि शेवटचं प्रमाणपत्र भिंतीवर लागताच गाणं सोडलेली माणसं आपल्या ओळखीत किती आहेत ते मोजून पाहावं. परीक्षा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण त्या अपेक्षित बक्षिसाच्या जातीच्या आहेत एवढं खरं.

इच्छाशक्ती दिवसभरात वापरून संपते, हा सिद्धांतही बराच काळ मिरवला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो दोन हजारांहून अधिक लोकांवर तपासला आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्यावर अधिक शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

सवयीचं मात्र बघण्यासारखं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोज ठरावीक खुणेनंतर एक छोटी कृती करायला सांगितली, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर पेलाभर पाणी. कृती आपोआप घडू लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. २१ दिवसांत सवय लागते असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी याचा पल्ला पाहावा: कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, मोठा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला आहे.) मला त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. लग्नघरात, प्रवासात, तापात खाडा पडतोच. खाड्यापेक्षा ‘आता सगळं मोडलं’ ही समजूतच जास्त नुकसान करते.

मेहनतीने सगळं मिळतं, हे वाक्य ग्वाल्हेरात ऐकवायला उदाहरण हाताशीच आहे. इथल्या रूपसिंग स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० ला सचिन तेंडुलकरने नाबाद २०० केल्या, पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक, तेही वयाच्या ३६ व्या वर्षी. पण ब्रुक मॅकनमारा यांनी २०१४ मध्ये ८८ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा माणसामाणसांतल्या कौशल्याच्या फरकापैकी खेळांत १८ टक्के आणि संगीतात २१ टक्के फरक सरावाशी जोडता आला. बाकीचा दुसरीकडून कुठून तरी येतो: सुरुवातीचं वय, शरीर, गुरू, घर. हा हिशेब दोन माणसांच्या तुलनेचा आहे. कालचे तुम्ही आणि आजचे तुम्ही यांच्या तुलनेत गळा, गुरू, घर सगळं तेच असतं, आणि बदलता येण्यासारखा एकटा रियाज उरतो.

तो किती करावा? अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ च्या प्रसिद्ध अभ्यासात बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनवादक पाहिले. सर्वोत्तम म्हणून निवडलेले विद्यार्थी एकट्याने दिवसाला सरासरी साडेतीन तास सराव करत, तोही बहुतेक सकाळी आणि मध्ये विश्रांती घेत. उत्कृष्टतेच्या नावाने सोळा तासांच्या कथा सांगणाऱ्यांपेक्षा हा आकडा बराच माणसात आहे. झोपेचा वाटाही कमी नाही. मॅथ्यू वॉकर यांच्या २००२ च्या प्रयोगात बोटांनी कळा ठरावीक क्रमाने दाबायला शिकलेली माणसं एका रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काहीही सराव न करता, सुमारे २० टक्के अधिक वेगाने त्या दाबू लागली होती. रात्री न जमलेली तान अर्ध्यावर सोडून दिवा मालवणं म्हणूनच पळपुटेपणा ठरत नाही. बर्लिनमधले ते उत्तम वादक, मंडळी, दुपारीही इतरांपेक्षा जास्त झोपत. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात दारं लावून वामकुक्षी करणाऱ्या ग्वाल्हेरकरांना हा शोधनिबंध घरात चारचौघांना वाचून दाखवता येईल, मात्र त्याआधीचे सकाळचे साडेतीन तासही त्यात छापलेले आहेत.