एम५ मधून क्लचचे पेडल कसे गेले

मोठी चार दरवाज्यांची गाडी आणि ती पळवण्याची हौस यांचा मेळ म्हणजे बीएमडब्ल्यू एम५. पहिल्या तीन पिढ्यांत ती फक्त मॅन्युअल मिळायची. तेव्हाची चार-पाच गिअरची ऑटोमॅटिक आरामाच्या गाड्यांना शोभे. इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरण होऊन ताकद वाया जाई, ॲक्सिलरेटर दाबला तरी गिअर उतरायला वेळ लागे, आणि ऐन वळणात नको तेव्हा गिअर बदले. १९९८ साली आलेल्या तिसऱ्या पिढीत ४०० अश्वशक्तीचे व्ही८ (आठ सिलिंडरचे) इंजिन आणि सहा गिअर होते. जाणकार आजही या पिढीवर जीव टाकतात, आणि ते रास्तच आहे.

वाद पेटला तो २००५ मध्ये विक्रीला आलेल्या चौथ्या पिढीवरून. ५ लिटरचे व्ही१० इंजिन, ५०७ अश्वशक्ती, मिनिटाला ८,२५० फेऱ्यांची (आरपीएम) मर्यादा आणि सोबत सात गिअरचा एसएमजी नावाचा गिअरबॉक्स. हा खऱ्या अर्थाने ऑटोमॅटिक नव्हता. आत मॅन्युअलसारखाच एकच क्लच होता. तो दाबायचे आणि गिअर टाकायचे काम तेवढे हायड्रॉलिक यंत्रणा करी. जोरात हाणताना तो झपाट्याने गिअर बदलायचा, पण गर्दीत सावकाश चालवताना गाडी हिसके खायची. इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मॅन्युअलला पेलवेना म्हणून ती वगळली म्हणावे, तर ते कारण पुरत नाही. आधीच्या व्ही८ चा टॉर्क ५०० न्यूटन-मीटर होता, नव्या व्ही१० चा ५२०. निर्णयावर फॉर्म्युला वनच्या शर्यतींची छाप होती, हे त्या गाड्यांसारखे व्ही१० इंजिन आणि स्टिअरिंगमागची गिअर बदलायची पॅडल पाहिली की कळते.

अमेरिकेतले ग्राहक अडून बसले. अखेर २००६ मध्ये त्यांच्यासाठी सहा गिअरची मॅन्युअल आली. युरोपला ती मिळालीच नाही. पण तीही हात राखून दिलेली. गाडी घसरू न देणारे स्टॅबिलिटी कंट्रोल सुरुवातीला पूर्ण बंद करता येत नव्हते आणि थांबलेली गाडी झपाट्याने सुटावी यासाठीचे लाँच कंट्रोलही नव्हते. मग चाचण्यांत ती एसएमजीपेक्षा मागे पडली आणि ‘मॅन्युअल हळू’ हा शिक्का बसला. स्टॉपवॉचवर एसएमजी जिंकला हे खरे, पण ज्यांनी मॅन्युअल मागितली होती त्यांना सेकंद नको होते, गाडीवरचा ताबा हवा होता.

पुढचे सगळे भराभर झाले. २०११ ला टर्बो व्ही८, ६८० न्यूटन-मीटर आणि दोन क्लचचा गिअरबॉक्स. मॅन्युअल फक्त उत्तर अमेरिकेत. २०१७ ला चारही चाकांना ताकद, ७५० न्यूटन-मीटर आणि टॉर्क कन्व्हर्टरवालाच आठ गिअरचा ऑटोमॅटिक. आता कन्व्हर्टर बहुतेक वेळ लॉक, म्हणजे इंजिनशी थेट जोडलेला, राहतो, त्यामुळे जुनी घसरण उरलेली नाही, आणि गिअर एसएमजीपेक्षा कितीतरी मऊ पडतात. क्लचचे पेडल मात्र सगळीकडूनच गेले.

एवढा टॉर्क मॅन्युअलला पेलत नाही, असे तेव्हापासून ऐकू येते. मात्र २०२१ साली दाखवलेल्या कॅडिलॅक सीटी५-व्ही ब्लॅकविंगचा टॉर्क ८९३ न्यूटन-मीटर आहे आणि तिला मुळात मिळतो तो सहा गिअरचा मॅन्युअल. दहा गिअरचा ऑटोमॅटिक हवा असेल तर वेगळे पैसे मोजावे लागतात.