पहिल्यांदा चोविसाव्या वर्षी, दुसऱ्यांदा एकसष्टाव्या : परदेशी सेवाकार्याला जाणाऱ्यांसाठी

आमची फोंड्याची कचेरी लहान. मी आणि माझा भाचा, दोघं मिळून चालवतो. परदेशात स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांची कागदपत्रं, व्हिसा, विमा आणि तिथल्या संस्थेची चौकशी, एवढंच काम आम्ही करतो. येणाऱ्यांत कॉलेज संपवलेली मुलं असतात आणि नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक, नर्स, बँकवाले. निवृत्तांचा पहिला प्रश्न ठरलेला, "या वयात आमचा काय उपयोग?"

1988 साली मी टांझानियात मोरोगोरोजवळच्या एका शाळेत गणित शिकवायला गेले. वय चोवीस, अंगात उत्साह मावत नव्हता. तिथली मुलं सातवीपर्यंत स्वाहिलीतून शिकतात आणि माध्यमिक शाळेत गेली की पुस्तकं एकदम इंग्रजी. वर्ग गप्प बसायचा. मुलांना गणित येत नाही असं समजून मी तेच उदाहरण आणखी मोठ्यानं सांगायचे.

परत येऊन चौतीस वर्षं गोव्यात पाचवीला शिकवलं; इथंही मुलं पाचवीत इंग्रजी माध्यमात येतात. मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या पोराला वजाबाकी येत असते; ते अडतं 'सबट्रॅक्ट' या शब्दापाशी. हे कळायला मला कितीतरी पाचव्या लागल्या. निवृत्तीनंतर त्याच भागात सहा महिने गेले, तेव्हा फळ्यावर एका बाजूला 'कुटोआ' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'सबट्रॅक्ट', आणि मागच्या बाकावरून हात वर आले.

तिथं धाकट्यानं थोरल्याला 'शिकामो' म्हणायचं असतं. पहिल्या खेपेला मी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला म्हणायचे. या खेपेला मुलं मला म्हणू लागली. थोरांनी द्यायचं उत्तर 'मराहाबा'. ते तोंडात बसायला दोन दिवस गेले, आधी जुनंच यायचं.

म्हणून आमच्याकडे आलात की आधी विचारू, तुम्ही आयुष्यभर काय केलंत? देश नंतर ठरवू. तरुणांना थोडी मोकळीक असते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात 18 ते 26 वयासाठी वेगळ्या जागा निघतात; अर्ज थेट त्यांच्याकडे करायचा, त्याचे पैसे कुणालाही देऊ नका, आम्हालाही नाही.

एक काम आम्ही घेत नाही. अनाथाश्रमात दोन-तीन आठवडे मुलांसोबत राहण्याचं. काही देशांत आईबाप हयात असलेली मुलं पाहुण्यांच्या पैशासाठी अशा ठिकाणी ठेवली जातात, आणि जीव लावून निघून जाणारी माणसं मुलांना वारंवार सोसावी लागतात. कितीही आग्रह झाला तरी आमचं उत्तर नाहीच.

व्हिसाचं नीट लक्षात घ्या. काम बिनपगारी आहे म्हणून टूरिस्ट व्हिसा चालतो, असं नाही. टांझानियात स्वयंसेवकांना 'क्लास सी' निवास परवाना लागतो. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत 30 दिवसांपर्यंतच काम करता येतं. पुढे वेगळा व्हिसा.

केनिया, युगांडा, घाना अशा देशांत जायचं तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी हवी. गोव्यात ती मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात मिळते. 2016 पासून तिचा दाखला जन्मभर चालतो. साठीच्या पुढे मात्र या लशीचा त्रास होण्याची शक्यता वाढते; आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. दाखल्याशिवाय तिकडून परतलात तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. रक्तदाबाची, साखरेची औषधं मूळ चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा.

पेन्शनवाल्यांसाठी खास. चवथ आटोपली की निघू, असं बरेच जण ठरवतात. मग नोव्हेंबरातला हयातीचा दाखला परदेशात असताना देण्याची वेळ येते. तो तिथल्या भारतीय दूतावासातून करून घेता येतो, पण दूतावास मोठ्या शहरात आणि तुम्ही खेड्यात. निघण्यापूर्वी बँकेत आणि कोषागारात विचारून घ्या. त्या पत्राचा मसुदा आम्ही करून देतो.

पहिली भेट विनामूल्य. आमची फी कागदपत्रांच्या कामाची, तिथल्या संस्थेकडून आम्ही दलाली घेत नाही. येताना पासपोर्ट, शेवटच्या नोकरीचा दाखला आणि चालू औषधांची यादी आणा. नवरा-बायको दोघं जाणार असाल तर दोघंही या. घरी राहणाऱ्याचे प्रश्न बहुधा जाणाऱ्यापेक्षा जास्त असतात, तेव्हा एकट्यानं जाणार असाल तरी घरच्यांना सोबत आणा.