ऑटोरिफ्रॅक्टोमीटर, हातात धरण्याचा
चष्म्याचा नंबर काढणारे, बॅटरीवर चालणारे आणि हातात धरून वापरायचे उपकरण. चष्म्याच्या दुकानात ज्यावर ‘कॉम्प्युटरने डोळे तपासतात’ ते यंत्र टेबलावर बसवलेले असते. त्याला हनुवटीचा आधार आणि भरवशाची वीज लागते. शाळेच्या वर्गात किंवा गावातल्या शिबिरात हे दोन्ही मिळेलच असे नाही.

तसे पाहिले तर रेटिनोस्कोप हे डोळ्यात प्रकाश टाकून परतणाऱ्या उजेडावरून नंबर काढायचे जुने साधन खिशात मावते आणि स्वस्तही आहे. पण त्यावर हात बसायला बराच सराव लागतो आणि असा सराव असलेली माणसे बहुधा शहरांत असतात. नव्या उपकरणांनी वाचवले ते मुख्यतः हे प्रशिक्षण.

तरंगाग्र, म्हणजे डोळ्यातून परतणाऱ्या प्रकाशलहरीचा आकार, मोजणाऱ्या प्रकारात कमी शक्तीच्या अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या) प्रकाशाचा ठिपका दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर टाकतात. परतणारा प्रकाश बाहुलीतून बाहेर येऊन सूक्ष्मभिंगांच्या जाळीवर पडतो आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठिपक्यांची चौकट उमटते. निकटदृष्टितेत (वजा नंबर) हे ठिपके एकमेकांजवळ येतात, दूरदृष्टितेत (अधिक नंबर) फाकतात, दृष्टिवैषम्यात (वेगवेगळ्या दिशांना वेगळा नंबर) एका दिशेला अधिक सरकतात. त्या सरकण्यावरून स्फेरिकल नंबर (सगळ्या दिशांना सारखा), सिलिंड्रिकल नंबर (दृष्टिवैषम्याचा) आणि त्याचा अक्ष, म्हणजे तो कोणत्या कोनात बसवायचा, हे निघते. ही जाळी रोलंड शॅक व बेन प्लॅट यांनी १९७१ मध्ये मांडली.

नाशिकचे संशोधक रमेश रासकर व सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत २०१० मध्ये हेच तत्त्व उलटे फिरवून ‘नेत्रा’ तयार केले. त्यात मोबाइलच्या पडद्यावर एक छोटे भिंगाचे जोड-उपकरण बसवतात. तपासून घेणाऱ्याने बटणे दाबून दोन रेषा जुळवायच्या, आणि त्या किती सरकवाव्या लागल्या त्यावरून नंबर. सेन्सर लागत नाही, म्हणून खर्च अगदी कमी. मात्र रेषा जुळल्या की नाही हे रुग्णानेच ठरवायचे असल्याने लहान मुलांकडून नेमके उत्तर मिळणे अवघड. प्लेनॉप्टिका कंपनीचे ‘क्विकसी’ मोजणी स्वतःच करते. त्याची ७०८ जणांवरची चाचणी ग्रामीण भारतात, अरविंद नेत्र रुग्णालयाच्या कामात झाली.

सर्वांत मोठी चूक होते ती समायोजन शक्तीमुळे, म्हणजे जवळचे पाहताना डोळा आपले भिंग बदलतो त्यामुळे. बंद डबीत डोकावताना, विशेषतः तरुण डोळा, जवळचे पाहिल्यासारखा ताण घेतो आणि यंत्र खऱ्यापेक्षा जास्त वजा नंबर दाखवते. म्हणून चांगल्या उपकरणांत आरपार दिसते. रुग्णाला ६ मीटरवरची खूण पाहायला सांगतात. मुलांमध्ये एवढ्याने भागत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही शक्ती तात्पुरती थांबवणारे सायक्लोपेंटोलेट १% थेंब घालून साधारण ३० ते ४५ मिनिटांनी पुन्हा मोजावे लागते.

दुसरी चूक खास हातातल्या यंत्राची: ते तिरके धरले जाते. अक्ष ५ अंशांनी चुकला तर सिलिंडरचा सुमारे १७% परिणाम दुरुस्त न होता राहतो, १० अंशांना ३५%, आणि ३० अंशांना तर तो सिलिंडर घालून काहीच साधत नाही. कपाळाचा टेकू दोन्ही बाजूंनी सारखा दाबला आहे ना, हे बघणे म्हणूनच मोजण्याइतके महत्त्वाचे. उन्हात बाहुली आकुंचन पावते, मोतीबिंदूत प्रकाश विखुरतो, कोरड्या डोळ्यात यंत्राचा आकडा दर वेळी बदलतो; सावलीत बसवणे आणि मोजण्याआधी दोनदा पापणी मिटायला सांगणे हे साधे उपाय आहेत.

कामाचा क्रम असा. आधी प्रत्येक डोळ्याची नजर तक्त्यावर, मग डोळ्यापुढे धरलेल्या पट्टीतल्या सूक्ष्मछिद्रातून. छिद्रातूनही सुधारली नाही तर दोष केवळ नंबरचा नसावा. अशा रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. नजर सुधारत असेल तर जुन्या चष्म्याचा नंबर लेन्सोमीटरवर (भिंगाचा नंबर मोजणारे यंत्र) पाहून या यंत्राने तीनदा मोजावे. त्या आकड्यांत ०.५० डायॉप्टरहून (चष्म्याच्या नंबरचे एकक) जास्त फरक असेल तर पुन्हा. निघालेल्या नंबरची भिंगे ट्रायल फ्रेममध्ये (भिंगे बदलता येणारी चाचणीची चौकट) घालून ०.२५ च्या टप्प्यांनी तपासावा. ही पायरी गाळून थेट यंत्राचा कागद चष्मेवाल्याकडे देणे, ही शिबिरांतली नेहमीची घाई.

चाळिशीनंतरचा जवळचा नंबर हे यंत्र सहसा सांगत नाही. तो वय आणि कामाचे अंतर पाहून, बहुधा +१.०० ते +२.५० च्या दरम्यान, वाचायला देऊनच ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात ज्यांच्या वृद्धदृष्टितेवर (म्हणजे या चाळिशीनंतरच्या जवळच्या नंबरवर) उपाय झालेला नाही असे ८२.६ कोटी लोक नोंदले आहेत. त्यांतल्या ज्यांची दूरची नजर ठीक आहे, त्यांना यंत्रापेक्षा तयार चष्म्यांची पेटी उपयोगी.