खातं बंद ‘पडलंय’ की बंद ‘केलंय’?

२०२५ च्या संक्रांतीच्या आठवड्यात बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या काकू आमच्याकडे आल्या, त्या पासबुक हातात धरूनच. पिशवी खाली ठेवायच्या आधी सुरुवात: "अकौंट बंद झालंय म्हणूलालेत की रे!" काउंटरवरच्या माणसाचं पूर्ण वाक्य असं होतं: "अकौंट बंद आगेती, केवायसी माडसरी." पहिले दोन शब्द काकूंना मराठीच वाटले. पुढचं, म्हणजे ‘केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) करून घ्या’, कानावरून गेलं. आणि गावात कुणीतरी सल्लाही देऊन टाकला होता की सोड ते खातं, दुसऱ्या बँकेत नवं काढ.

घोळ ‘बंद’ या शब्दात आहे. दुकान जेवायच्या सुट्टीत बंद असतं आणि धंदा गुंडाळल्यावरही बंदच असतं. कन्नडमध्येही तेच. आपल्याकडे तर कारकून कन्नडमधून बोलतो, गिऱ्हाईक मराठीत ऐकतं, एसएमएस इंग्रजीत येतो. म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न ‘का बंद?’ असा विचारू नये. ‘व्यवहार थांबवलेत की खातंच काढून टाकलंय?’ असा विचारावा. दोन्हींत मार्ग इतके वेगळे आहेत की एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर नुकसानच होतं.

व्यवहार थांबवले, म्हणजे खातं गोठवलं, तर खाते क्रमांक जिवंत असतो आणि पैसे तिथंच असतात. फक्त हलवता येत नाहीत. बहुतेक वेळा एकच बाजू अडवतात: येणारे पैसे जमा होतात, जाणारे अडतात. कधी दोन्ही बाजू अडतात, तर कधी ठरावीक रकमेवरच होल्ड बसतो आणि बाकीचे पैसे वापरता येतात. खातं बंद केलं की तो क्रमांकच संपतो. शिल्लक तुम्हाला डीडीनं (डिमांड ड्राफ्टनं) किंवा दुसऱ्या खात्यात द्यावी लागते आणि पासबुकात शेवटची नोंद पडून बाकी शून्य होते.

काकूंच्या मुलानं त्यांच्या खात्यावर एक रुपया पाठवून बघितला. गेला. म्हणजे खातं होतं. (रुपया परत आला असता तरी खातं संपलं असं लगेच म्हणता आलं नसतं, कारण दोन्ही बाजूंनी गोठवलेल्या खात्यातही येणारे पैसे अडतात. खरा पुरावा पासबुकातली शेवटची ओळ.)

काकूंचं खातं जनधनचं, २०१४ च्या शेवटी उघडलेलं. कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दर दहा वर्षांनी नवी करावी लागते, आणि जनधन खात्यांची ती मुदत एकदमच भरत आली. पत्ता-नाव काही बदललं नसेल तर साधं स्वघोषणापत्र पुरतं. काकूंचं काम त्यावरच झालं. पुढे जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम सैल केला: कमी जोखमीच्या ग्राहकाला मुदत उलटल्यावर एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांतलं जे नंतर येईल तोवर व्यवहार करू द्यायचे. त्या जुलै ते सप्टेंबरमध्ये ग्रामपंचायतींत शिबिरंही लागली. काकूंची धावपळ पाच महिने आधी झाली, एवढंच.

नवं खातं काढलं असतं तर? कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आधारवरून येतात, आणि आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं तिकडे जातात. जुन्यात शिल्लक अडकलेली, नव्यात हप्ता येणार, आणि जोडणी होईस्तोवर मधला हप्ता कुठं गेला ते शोधत बसायचं.

दोन वर्षं आपण स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर खातं ‘निष्क्रिय’ होतं, तोही थांबण्याचाच प्रकार. बँकेनं जमा केलेलं व्याज त्यात व्यवहार म्हणून धरत नाहीत. ते पुन्हा चालू करायला फी नाही, आणि बचत खात्यावरचं व्याज मधल्या काळातही चालूच राहतं.

गोठवण्याचा त्रासदायक प्रकार वेगळाच आहे. दुकानदाराच्या क्यूआरवर कुणीतरी पाचशे रुपये टाकतो, ते पैसे चार हात फिरून आलेले सायबर फसवणुकीचे निघतात, आणि भलत्याच राज्यातल्या पोलिसांचं पत्र बँकेला येतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर झालेल्या तक्रारीतून हे सुरू होतं. इथं केवायसीचे कितीही कागद द्या, उपयोग शून्य. बँक सहसा स्वतःच्या अखत्यारीत ते सोडवू शकत नाही. बँकेकडून तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि अडकलेली रक्कम लिहून घ्यायची, आणि मालाचं बिल जोडून त्या ठाण्याला मेल करायचा. अडकलेत पाचशे आणि गोठलंय अख्खं खातं, असं असेल तर होल्ड पाचशेपुरताच ठेवा अशी मागणी त्याच पत्रात करावी. बँक शाखेत भांडणारे मी पाहिलेत. मॅनेजर तरी काय करणार?

आता खरंखुरं बंद केलेलं खातं. बेळगावच्या रविवार पेठेत माझा एक मित्र किराणा मालाचा होलसेल धंदा करतो. त्याची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी उचल देणारं कर्जखातं) एका बँकेत, करंट अकौंट दुसऱ्या बँकेत. जुलै २०२१ च्या अखेरीला दुसऱ्या बँकेनं करंट अकौंट बंद करून डीडी हातात दिला. पत्रात कारण म्हणून एकच ओळ होती, ‘नियामक निर्देशांनुसार’. तो महिनाभर समजत राहिला की आपल्यावर कसला तरी संशय आहे. प्रत्यक्षात ६ ऑगस्ट २०२० चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक होतं: ज्याची सीसी किंवा ओव्हरड्राफ्ट एका बँकेत आहे त्याला दुसरीकडे करंट अकौंट ठेवायला मनाई. त्या वर्षी देशभर अशी खाती बंद झाली. २९ ऑक्टोबर २०२१ ला पाच कोटींच्या आतल्या कर्जदारांना सूट मिळाली. म्हणजे याचं खातं गेलं आणि तीन महिन्यांत कारणही गेलं. काउंटरवर कुणी दोन वाक्यं बोललं असतं तर त्याची झोप तरी उडाली नसती.

पण प्रत्येक वेळी बँक आळसानं गप्प असते असं नाही. व्यवहार संशयास्पद वाटला तर तिला केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे अहवाल पाठवावा लागतो, आणि तो पाठवल्याचं ग्राहकाला कळू देता येत नाही. अशा वेळी समोरच्या कारकुनाला विचारून काही हाती लागत नाही; पुष्कळदा त्याला स्वतःलाच माहीत नसतं, निर्णय वरून आलेला असतो. माझं मत सरळ आहे: कारण सांगता येत नसेल तर नका सांगू, पण वेळ द्या. आधी नोटीस नाही आणि एका सकाळी खातं गायब, हे मला मान्य नाही.

खातं खरंच बंद केलं असेल तर कारणामागे धावण्याआधी आपले पैसे आणि कागद ताब्यात घ्यावेत: शिल्लक, पूर्ण स्टेटमेंट, खातं बंद केल्याचं पत्र. लगेच दुसरं खातं काढून आधार, पेन्शन, विम्याचे हप्ते तिकडे वळवावेत. आणि दिलेले पुढच्या तारखेचे चेक बदलून द्यावेत, हे बहुतेकजण विसरतात. ‘अकौंट क्लोज्ड’ शेरा मारून परत आलेला चेकही कलम १३८ खाली, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्यात, येऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच सांगितलंय. खातं बँकेनं बंद केलं हे नंतर कोर्टात पटवत बसण्यापेक्षा चेक बदलणं स्वस्त.

दोन्ही प्रकारांत अर्ज लेखी द्या आणि शिक्क्यानिशी पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात. मात्र खातं बँकेत नसून एखाद्या पतसंस्थेत, म्हणजे सोसायटीत किंवा सौहार्द सहकारीत असेल, आणि आपल्या भागात गल्लोगल्ली ती आहेत, तर लोकपाल उपयोगाचा नाही. तिथं सहकार खात्याचं दार वाजवावं लागतं.

काकूंचं खातं चार दिवसांनी सुरू झालं. मशीनमधून पासबुक बाहेर आलं तेव्हा मधल्या काळातले गृहलक्ष्मीचे दोन हप्ते एकाखाली एक छापून आले, आणि त्यांच्याखाली मुलानं पाठवलेला एक रुपया. काकूंनी तो बोटानं दाखवून विचारलं, "हे कसलं रे?"