वाचताना डोळ्यांपुढे काय उभं राहतं?

कथेत वाडा आला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाडा उभा राहतो, असं आपण धरूनच चालतो. सगळ्यांचं तसं होत नाही, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० साली दाखवून दिलं. आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल आठवा, असं त्यांनी शंभर जणांना सांगितलं. चित्र लख्ख आहे की अंधुक? कडा स्पष्ट आहेत का? रंग खरे वाटतात का? काहींना टेबल जसंच्या तसं दिसलं. काहींना काहीच दिसलं नाही. मनात 'दिसतं' ही त्यांच्या लेखी नुसती बोलण्याची रीत होती.

पुढे १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांनी सोळा प्रश्नांची प्रश्नावली केली. ओळखीची व्यक्ती, उगवता सूर्य, नेहमीचं दुकान आणि झाडं-डोंगर-तळ्याचा देखावा अशी चार दृश्यं, प्रत्येकाचे चार प्रश्न, आणि स्पष्टतेला १ ते ५ गुण. तिच्यात एक अडचण आहे. मूळ प्रश्नावलीत १ म्हणजे सर्वांत स्पष्ट, नंतरच्या आवृत्त्यांत ५. हे न तपासता दोन अभ्यासांचे गुण शेजारी ठेवले की निष्कर्ष चक्क उलटा निघतो.

वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रयोग मात्र ली ब्रुक्स यांचा, १९६७ सालचा. मनात चार बाय चार घरांचा चौकोन धरायचा. 'सुरुवातीच्या घरात १ मांडा, उजवीकडच्या घरात २, त्याच्या वरच्या घरात ३' अशी वाक्यं लक्षात ठेवून परत सांगायची. ती नुसती ऐकली तेव्हा नीट सांगता आली. ऐकता ऐकता तीच समोर वाचायला दिली तेव्हा चुका वाढल्या. दिशांच्या जागी 'चांगलं', 'वाईट' असे तिथे अर्थ न लागणारे शब्द घातल्यावर वाचनाचा हा तोटा उरला नाही. म्हणजे ओळींवरून फिरणारी नजर आणि मनातलं चित्र यांची एकाच यंत्रणेवर ओढाताण होते. स्थळवर्णन भराभर वाचलं की घराचा नकाशा डोक्यात बसत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. तिथे परिच्छेद संपल्यावर पानावरून नजर काढून क्षणभर थांबावं. चातुर्मासात पोथी लावली की एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांची नजर मोकळी असते, हा त्या पद्धतीचा मोठाच फायदा म्हणायला हवा.

मनात चित्र अजिबात न उमटण्याला 'अफँटेशिया' हे नाव ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिलं. तरी बरीचशी भिस्त लोक स्वतःबद्दल काय सांगतात यावरच होती. सिडनीतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये शब्द बाजूला ठेवून घाम मोजला. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर भीतीदायक गोष्ट वाक्यावाक्याने वाचायला दिली आणि त्वचेची विद्युतवाहकता नोंदवली; घाम आला की ती वाढते. चित्र दिसणाऱ्यांचा आलेख चढत गेला, न दिसणाऱ्यांचा जवळजवळ सपाट राहिला. नंतर भयानक छायाचित्रं दाखवली, तेव्हा दोन्ही गटांचे आलेख सारखेच चढले.